पांझराकाठचा फड : जमीन, पाणी आणि मालकी

खानदेशातील खेड्यांचा आर्थिक इतिहास लिहिताना अभ्यासकाचे लक्ष बहुधा जमिनीवर खिळते. जमीन कोणाच्या नावे होती, तिजवर सारा किती होता, ती गहाण केव्हा पडली, या प्रश्नांची उत्तरे सरकारी दप्तराने जपून ठेविलेली असल्यामुळे असे होणे स्वाभाविक आहे. तथापि ज्या मुलखात पाऊस थोडा व बेभरवशाचा, तेथे केवळ जमिनीच्या मालकीवरून खेड्याच्या राहणीचे व मत्तेचे खरे चित्र उभे राहत नाही. धुळे जिल्ह्यातील पांझरा नदीच्या काठी जी फडबागायत शतकानुशतके चालत आली, तीत जमीन एकेकाची, परंतु पाणी सर्वांचे, आणि पीक कोणते घ्यावयाचे हा निर्णयही सर्वांचा, अशी व्यवस्था होती. या व्यवस्थेत ‘मालकी’ या शब्दाचा अर्थ नेमका किती होता, याचा विचार प्रस्तुत निबंधात करावयाचा आहे.

पांझरा ही साक्री तालुक्यात सह्याद्रीच्या बाजूस उगम पावते, पूर्वेकडे धुळ्यापर्यंत वाहते आणि पुढे उत्तरेस वळून तापीस मिळते. कान ही तिची उपनदी. या नद्यांवर, तसेच नाशिक जिल्ह्यातील मोसम व आरम या नद्यांवर, ठिकठिकाणी दगडचुन्याचे ठेंगणे बंधारे बांधलेले आहेत. त्यांचा हेतू पाणी साठविण्याचा नसून वाहते पाणी अडवून, थोडे उंच करून पाटात वळविण्याचा आहे. ही पद्धत तीनचारशे वर्षांची मानण्याचा प्रघात आहे. एका बंधाऱ्यावर भिजणाऱ्या सर्व जमिनीस ‘थळ’ म्हणत, आणि थळाचे जे मोठे विभाग पाडीत त्यांस ‘फड’. थळाचे सामान्यतः तीनचार फड असत. एका फडात एका हंगामी एकच पीक. एका फडात ऊस असेल तर दुसऱ्यात गहू किंवा हरभरा, तिसऱ्यात आणखी काही, आणि एखादा फड पडीक. पुढील वर्षी पिके फिरत, त्यामुळे जमिनीस विसावा मिळे.

या मांडणीचा मालमत्तेशी निकटचा संबंध आहे. खातेदाराची जमीन शक्यतो प्रत्येक फडात थोडथोडी असे. कोणाची सर्व जमीन एकाच फडात असती, तर तो फड पडीक ठेवण्याच्या वर्षी त्या कुटुंबावर उपासमारीची पाळी आली असती. तुकडे सर्व फडांत विखुरलेले असल्यामुळे उसाचा नफा व पडीक जमिनीचा तोटा हे दोन्ही सर्वांच्या वाट्यास येत. नदीस पाणी कमी असेल त्या वर्षी एखाद्याचे शेत कोरडे ठेवण्याऐवजी सबंध फडच कमी करीत. तुटीचा भार वाटून घेण्याची याहून सोपी रीत कल्पिणे कठीण आहे. पाण्याचा हक्क थळातील जमिनीस चिकटलेला असे. थळाबाहेर शेत असणारा गावकरी कितीही वजनदार असला तरी त्यास पाटाचे पाणी मागता येत नसे.

खातेदाराने स्वतः दारे धरावयाचे नाही, हाही या पद्धतीचा एक महत्त्वाचा दंडक होता. पाणी देण्याचे काम पाटकऱ्याचे. तो फडाच्या एका बाजूने शेतामागून शेत भिजवीत जाई व त्यास शेताचा धनी कोण हे पाहण्याचे कारण नसे. पाटकऱ्यांवर देखरेख करण्यास हवालदार असे, उभ्या पिकाची राखण जागल्या करी, आणि या सर्वांवर गावातील पंच असत. या सेवकांचा मोबदला बहुधा धान्यरूपाने, ज्याच्या त्याच्या जमिनीच्या मानाने गोळा होई. पाटातील गाळ काढणे, बंधाऱ्याची किरकोळ डागडुजी करणे ही कामेही खातेदारांनी त्याच प्रमाणात करावयाची असत.

येथे शब्दांची साक्ष काढणे उपयुक्त ठरेल. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचे अखेरचे दिवस धुळ्यातच गेले व १९२६ च्या अखेरीस त्यांचे तेथेच निधन झाले. शब्द हेही इतिहासाचे साधन होय, ही दृष्टी महाराष्ट्रात रुजविण्यात त्यांचा वाटा मोठा आहे. ‘थळ’ हा शब्द संस्कृत ‘स्थल’ यापासून आला, आणि ‘पाटस्थळ’ व ‘मोटस्थळ’ ही बागायतीची जुनी वर्गवारी त्याच कुळातील आहे. बंधारा, पाट, पाळी, पाटकरी, जागल्या हे शब्द बोलीतून आलेले, सरळ कामावरून पडलेले आहेत. उलट मालक, हक्क, वतन, मिरास हे शब्द अरबीतून दप्तराच्या वाटेने मराठीत आले. व्यवस्थेतील एकटा हवालदार तेवढा आपल्या नावात सरकारी वळण बाळगून आहे. एवढ्यावरून खाजगी मालकी ही परक्यांनी आणली असा निष्कर्ष काढणे चुकीचे होईल. परंतु पाण्याची व्यवस्था गावाच्या तोंडी भाषेत आणि जमिनीची मालकी दरबारच्या लेखी भाषेत नांदत होती, एवढे त्यावरून निश्चित म्हणता येते. ‘फड’ हा शब्दही बोलका आहे. कुस्तीचा फड, तमाशाचा फड, उसाचा फड या सर्व प्रयोगांत अनेकांनी मिळून एक काम करणे हा भाव समान आहे. शेत एकाचे असू शकते. एकट्याचा फड ही कल्पना मराठीस मानवत नाही.

तथापि या व्यवस्थेस समतेचा आदर्श ठरविण्याची घाई करू नये. समता होती ती थळातील खातेदारांपुरती. ज्याची जमीन अधिक त्यास पाणी अधिक, आणि ज्यास जमीन नाही त्यास पाणीही नाही. खानदेशातील गावांत जागल्याचे काम पुष्कळदा भिल्ल समाजाकडे असे. जो रात्रभर फडाची राखण करी, त्याचा धान्यात वाटा होता, फडात नव्हता. भूमिहीनांच्या घरी स्त्रिया निंदणीस, ऊसतोडीस त्याच फडात जात, परंतु पाण्याच्या पाळीचा निर्णय करणाऱ्या बैठकीत त्यांस स्थान नव्हते. सामाईक मालमत्तेलाही कुंपण असते, ही गोष्ट अशा पद्धतींचा गौरव करताना विसरली जाते.

१८१८ मध्ये खानदेश इंग्रजी अंमलाखाली आला तेव्हा तो १८०३-०४ च्या दुष्काळाने व त्या सुमाराच्या लुटालुटीने उजाड झालेला होता. नव्या सरकारने रयतवारी पद्धतीने प्रत्येक शेताची मोजणी करून त्यास क्रमांक दिला. १८५२ मध्ये सावदा, एरंडोल या भागांत मोजणीविरुद्ध रयतेचे जमाव उठले, आणि ते मोडून काढण्यास सरकारास लष्कर आणावे लागले. पुढे १८७९ च्या जमीन महसूल कायद्याने खातेदाराचे स्थान आणि त्याच वर्षीच्या पाटबंधारे कायद्याने पाण्यावरील सरकारचा अधिकार निश्चित केला. येणेप्रमाणे जमीन व्यक्तीची आणि नदी सरकारची ठरली. या दोहोंच्या मधला जो फड, त्यास कागदावर स्वतःची अशी जागा राहिली नाही. तरी व्यवहारात तो टिकला, कारण पाण्याची रोजची वाटणी करण्यास फडाइतके स्वस्त साधन सरकारजवळ नव्हते.

जळगाव जिल्ह्याशी तुलना केली असता हा मुद्दा अधिक स्पष्ट होतो. रावेर-यावल भागातील प्रसिद्ध केळीबागायत मुख्यतः विहिरींवर आणि पुढे कूपनलिकांवर वाढली. मोटस्थळात विहीर ज्याची त्याचे पाणी. तेथे शेजाऱ्याशी मसलत करण्याचे कारण नाही. या स्वातंत्र्याने संपत्ती निर्माण केली हे खरे. परंतु उपशाला मर्यादा घालणारा पंच तेथे नसल्यामुळे भूजल खोल जात राहिले. बाहेरच्या जगात पाहावयाचे तर इंडोनेशियातील बाली बेटावर ‘सुबक’ नावाची पद्धत आहे. एका पाटावर भिजणाऱ्या भातशेतांचे धनी तेथे एक संघ करून राहतात व पाण्याच्या पाळ्या मंदिराच्या आश्रयाने ठरवितात. २०१२ मध्ये युनेस्कोने तिची जागतिक वारशात गणना केली. फडाला असा देवालयाचा आधार नव्हता. त्याचा आधार पंचांच्या शब्दाचा होता.

स्वातंत्र्योत्तर काळात फडाची वीण सैल होत गेली. १९४७ च्या तुकडेबंदी व एकत्रीकरणाच्या कायद्याने विखुरलेली जमीन हा शेतीचा दोष मानला. इतरत्र ते योग्य असेल. फडात मात्र विखुरलेपण हाच न्यायाचा पाया होता. १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ ग्रामवतने संपली आणि जुन्या सेवासंबंधांचे बंधन सुटले, ही इष्टच गोष्ट झाली. पुढे नद्यांच्या वरच्या अंगास मालनगाव, लाटीपाडा, अक्कलपाडा अशी धरणे झाली. नदीचा ओघ त्यांच्या दारांवर अवलंबून राहू लागला. विजेच्या मोटारी आल्यावर थळातही विहिरी झाल्या, आणि ज्याची विहीर त्यास फडाच्या पिकाचे बंधन जाचक वाटू लागले. काही ठिकाणी फड आजही चालतो. पुष्कळ ठिकाणी बंधारा आहे, पण बैठक नाही. २००५ च्या कायद्याने शासनाने सिंचनाचे व्यवस्थापन शेतकऱ्यांच्या पाणीवापर संस्थांकडे सोपविण्याचे ठरविले. म्हणजे जे हाती होते व कागदावर नव्हते, ते हातून निसटत असताना कागदावर आले.

सातबाराच्या उताऱ्यावर नाव, क्षेत्र, आकार व पीक यांची नोंद असते. आपले पीक आपण एकट्याने न ठरविण्याचे जे बंधन खातेदाराने आपणहून स्वीकारले होते, त्याचा रकाना तेथे नाही. पांझराकाठी त्या बंधनावरच बागायत उभी होती. म्हणून या भागातील मालमत्तेचा इतिहास लिहू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याने दप्तरापाशी न थांबता, ज्यांनी पाट धरला व ज्यांनी फड राखला त्यांच्या आठवणी, त्यांचे शब्द, ते बोलणारी माणसे हयात आहेत तोवर टिपून ठेवावेत.