बिजागरी, धूळ आणि १३.९ मिलिमीटर : उसाच्या पट्ट्यातून पाहिलेला घडीचा मोबाइल

१/ २००४ साली मोटोरोलाचा ‘रेझर व्ही३’ बाजारात आला. मिटल्यावर जाडी १३.९ मिलिमीटर, वजन ९५ ग्रॅम. पुढे या मालिकेचे जगभरात १३ कोटींहून अधिक फोन विकले गेले. त्याच काळात बारामती-इंदापूरच्या रानात मात्र शेतकऱ्याच्या खिशात बहुधा नोकिया ११०० असे. दोन्ही फोन उत्तम बांधणीचे. मग निवड अशी का झाली? त्याचा हा इतिहास. 🧵

२/ प्रथम घडीची गोष्ट. कान आणि तोंड यांतील अंतर निसर्गाने ठरवलेले आहे. खिसा त्याहून लहान असतो. म्हणून फोन मधोमध दुमडण्याची कल्पना सुचली. इटलीत मार्को झानुसो आणि रिचर्ड सॅपर यांनी १९६० च्या दशकातच ‘ग्रिलो’ हा घडीचा घरगुती टेलिफोन घडवला होता. मोबाइलमध्ये ही रचना पूर्णत्वास गेली ती १९९६ च्या मोटोरोला ‘स्टारटॅक’मध्ये. त्याचे वजन होते ८८ ग्रॅम.

३/ परंतु घडी घातली की जाडी दुप्पट होते. रेझरच्या अभियंत्यांनी ही अडचण मांडणी बदलून सोडवली. बॅटरी आणि सर्किट बोर्ड एकावर एक न ठेवता शेजारी शेजारी बसवले. अँटेना वरून काढून खाली, हनुवटीसारख्या फुगवट्यात नेली. परिणामी फोन ५३ मिलिमीटर इतका रुंद झाला, पण पातळ राहिला.

४/ आवरण अ‍ॅनोडाइज्ड अ‍ॅल्युमिनियमचे. कळफलक तर धातूच्या एकाच पत्र्यातून रासायनिक प्रक्रियेने कोरलेला. सुट्या बटणांची उंची वाचली आणि त्यांच्यामधल्या फटीही गेल्या. पातळपणा आणि मजबुती यांचा असा मेळ तोवर मोबाइलमध्ये क्वचितच दिसला होता.

५/ पातळ म्हणजे नाजूक, हा समज इंदापूर तालुक्यात तरी टिकू नये. याच तालुक्यातील वालचंदनगरच्या कारखान्यात ‘इस्रो’च्या पीएसएलव्ही अग्निबाणाच्या पहिल्या टप्प्यातील मोटारीची आवरणे तयार झाली आहेत. मॅरेजिंग पोलादाची ती भिंत प्रचंड दाब पेलते, कारण धातूची निवड, आकार आणि जोडकाम अचूक असते. रेझरचे कवचही याच अर्थाने भक्कम होते.

६/ दुबळेपणा कवचात नव्हता. तो बिजागरीत होता. घडीच्या फोनचे दोन भाग एका पातळ फ्लेक्स केबलने जोडलेले असतात. फोन उघडताना आणि मिटताना ती प्रत्येक वेळी वाकते. तिच्यातील एक तार तुटली तरी पडदा कोरा होऊ शकतो. शिवाय हलणाऱ्या सांध्याला फट लागते आणि फटीतून धूळ शिरते.

७/ आता रान पाहू. २००३ च्या पावसाळ्यात रिलायन्सने सुरुवातीला केवळ ५०१ रुपये घेऊन मोबाइल देण्याची योजना आणली आणि हे यंत्र सामान्यांच्या आवाक्यात आले. उसाच्या पट्ट्यात त्याला लगेच काम मिळाले. तोडणीची टोळी केव्हा येणार, ट्रॅक्टर कोठे अडकला, पाटाला पाणी कधी सुटणार, हे सारे फोनवर कळू लागले.

८/ हे काम हातरुमालात गुंडाळून ठेवायच्या वस्तूचे नव्हते. नीरा डाव्या कालव्याच्या पाण्याची पाळी मध्यरात्रीही येते. दारे धरणाऱ्याच्या हाताला चिखल, कपाळावर घाम, भोवती अंधार. त्यातच त्या वर्षांचे प्रदीर्घ भारनियमन. बॅटरी संपली आणि निरोप हुकला, तर पाळी हुकण्याची भीती.

९/ नोकिया ११०० (२००३) याच जगण्याचा विचार करून घडवलेला होता. जाडी २० मिलिमीटर, वजन ८६ ग्रॅम. धूळ आत जाऊ नये म्हणून कळफलकावर रबराचे सलग आवरण, घामट हातातून निसटू नये म्हणून खडबडीत कडा आणि डोक्यावर टॉर्च. बिजागरी नव्हती, त्यामुळे वाकणारी केबलही नव्हती. बॉडी झिजली तर बाजारपेठेतल्या दुकानात स्वस्तात नवी मिळे.

१०/ म्हणून शेतकऱ्याला सौंदर्यदृष्टी नव्हती, असा निष्कर्ष काढणे चूक ठरेल. घडीचा फोन टक्‌कन मिटण्याची ऐट ग्रामीण तरुणांनाही हवीच होती. पण नेम नसलेला सांधा आणि महागडी दुरुस्ती ज्याला परवडेल, त्यालाच ती ऐट परवडत असे.

११/ मोटोरोलालाही हे उमगले होते. २००६ च्या अखेरीस कंपनीने ‘मोटोफोन एफ३’ भारतात आणला. जाडी अवघी ९ मिलिमीटर, म्हणजे रेझरपेक्षाही कमी. घडी नाही, अँटेना आत दडवलेली, कळफलक सलग. पडदा इलेक्ट्रॉनिक कागदाचा : भर उन्हात स्वच्छ दिसणारा आणि वीज जवळजवळ न खाणारा. किंमत दोन हजार रुपयांच्या आत.

१२/ बांधणी रानाला साजेशी होती. उणीव निघाली ती अक्षरांत. पडद्यावर एका ओळीत सहाच अक्षरे मावत, तीही ठरावीक रेषाखंडांनी बनणारी. वाचता न येणाऱ्यांसाठी बोलक्या सूचना होत्या, पण वाचता येणाऱ्याला इंग्रजी निरोपही तुकड्या-तुकड्यांत वाचावा लागे. काना, मात्रा, वेलांटी त्या रेषांतून उमटणे अशक्यच होते. ज्यांच्यासाठी फोन घडवला, त्यांची लिपीच त्यात मावली नाही.

१३/ या तीन फोनांतून एक गोष्ट स्पष्ट होते. बांधणीचा दर्जा केवळ मिलिमीटर आणि धातू यांवर ठरत नाही. वस्तू कोणाच्या हातात, कोणत्या वेळी, कोणत्या हवेत वापरली जाणार आहे आणि बिघडल्यावर ती कोण दुरुस्त करणार आहे, हेही त्या दर्जाचेच भाग आहेत. रेझर दिवाणखान्यात अजोड होता. बांधावर त्याची बिजागरी उघडी पडत होती.

१४/ २०१९ मध्ये ‘रेझर’ हे नाव घडी पडणाऱ्या पडद्यासह परतले. आता केबलच नव्हे, तर पडदाही वाकतो. तंत्रज्ञान पुष्कळ पुढे गेले. सांध्यात शिरणाऱ्या धुळीचा प्रश्न मात्र तोच आहे. गळीत हंगामात भवानीनगर किंवा माळेगावच्या रस्त्यावर ती धूळ आजही मुबलक उडते.

धागा समाप्त.