फाळणी आणि दुफळी

निजामपुऱ्यांतील मुलांना मीं पुष्कळ वर्षें गणित शिकविलें. माझ्या वर्गाच्या खिडकीसमोर उर्दू शाळेची खिडकी होती. आमच्याकडे भागाकार चालला असतां पलीकडून 'तकसीम' हा शब्द ऐकूं येई. उर्दूंत भागाकारालाही तकसीम म्हणतात आणि १९४७ च्या घटनेलाही तकसीमच. हें कोठून तरी कळल्यावर एका मुलानें मला विचारलें, "गुरुजी, मग फाळणी म्हणजे भागाकारच ना?" "होय, बैस खालीं," म्हणून मीं त्यास गप्प केलें. तें उत्तर बरोबर नव्हतें.

फाळणी हा शब्द जमीनमोजणीच्या दप्तरांत अजून रोज वापरला जातो. १८३५-३६ च्या सुमारास विंगेट व गोल्डस्मिड यांनीं इंदापूर तालुक्यांत मोजणी चालविली. पुढें मुंबई इलाख्यांत सर्व्हे नंबरांची पद्धति रुळली ती तिच्याच वळणावर. आतां एका नंबराचे धनी दोघे भाऊ आहेत असें समजा. त्यांच्यांत आपसांत जें ठरतें ती वाटणी. मग मोजणीदार येतो, लगतच्या धारकांस नोटीस जाते, हिश्शांच्या हद्दी मोजून नकाशा काढतात आणि साराही त्या प्रमाणांत विभागतात. त्या कामास फाळणी म्हणावयाचें. सारा विभागल्याच्या कागदाचें नांव आकारफोड.

१९०५ सालीं १६ आक्टोबरला बंगाल प्रांत तोडला, तेव्हां उसळलेल्या चळवळीस आपण वंगभंगाची चळवळ म्हणतों. भंग म्हणजे मोडणें. त्या शब्दांतच तक्रार आहे. फाळणी या शब्दांत तक्रार नव्हती. ती त्यास १९४७ नें चिकटविली. ३ जूनच्या योजनेस पुढाऱ्यांनीं होकार दिला खरा, पण ज्यांच्या शेतांतून व अंगणांतून रेषा जावयाची, त्या लगतच्या धारकांस नोटीस कोणी दिली? सर सिरिल रॅडक्लिफ ८ जुलैला हिंदुस्थानांत आले, तेही आयुष्यांत प्रथमच. आणि रेषा जाहीर झाली १७ आगस्टला. म्हणजे १५ तारखेस सरहद्दीवरील कित्येक गांवांना आपण कोणत्या देशांत आहों हेंच ठाऊक नव्हतें. दोन भावांच्या चार एकरांस याहून अधिक सवड मिळते! मुंबई प्रांतानें त्याच सालीं शेतजमिनीचे तुकडे पाडण्यास बंदी करणारा कायदा केला, हा योगायोग मला नेहमींच विलक्षण वाटत आला आहे.

तेव्हांपासून हा शब्द जणूं त्या एका वर्षाच्या मालकीचा झाला. १ आगस्ट २०१४ रोजीं आमच्या ठाणें जिल्ह्यांतून पालघर निराळा निघाला, त्यास सर्वांनीं 'विभाजन' म्हटलें. फाळणी म्हणावयास कोणाची जीभ वळली नाहीं.

आमच्या गांवाला मात्र दुसराच शब्द भोंवला : दुफळी. दोन फळ्या समोरासमोर उभ्या राहणें, ती दुफळी. व्याकरणदृष्ट्या पाहा, फाळणी कोणी तरी करतो. दुफळी माजते, पडते. तिला कर्ता लागत नाहीं. नगरपालिकेच्या नांवांत भिवंडी व निजामपूर हीं दोन नांवें गुण्यागोविंदानें नांदत आलीं. पण १९७० च्या व पुन्हां १९८४ च्या मे महिन्यांत येथें दंगे झाले. १९८४ सालीं मी चोविशींत होतों. वीस पावलांवरच्या गल्लीस लोक 'तिकडे' म्हणूं लागले. रेषा कोणी आंखली नव्हती, तरी ती कोठून जाते हें लहान पोरासही सांगतां येई. "दंगल झाली" असें सारे म्हणत. "केली" म्हणणारा विरळा. १९७० च्या दंग्यांतील कर्ते शोधण्यास न्यायमूर्ति मादन यांच्या आयोगाला कांहीं वर्षें खपावें लागलें.

१९८८ पासून सुरेश खोपडे या पोलीस अधिकाऱ्यांनीं येथें मोहल्ला समित्या उभ्या केल्या. दोन्ही समाजांतील माणसें एका सतरंजीवर बसून नळाच्या पाण्यापासून मिरवणुकीच्या वाटेपर्यंत बोलूं लागलीं. डिसेंबर १९९२ व जानेवारी १९९३ मध्यें मुंबई जळत असतां भिवंडी शांत राहिली. त्या शांततेला कर्ते होते, आणि ते आम्हांस तोंडानें ओळखूं येत होते.

भागाकार मांडला म्हणजे कोण भागतो, कशास भागतो आणि बाकी काय उरते, हें पाटीवर लिहावेंच लागतें. त्या मुलास मीं एवढें तरी सांगावयास हवें होतें. तो आतां यंत्रमाग चालवितो. रस्त्यांत भेटला कीं अजून "गुरुजी" म्हणून थांबतो, पण तो प्रश्न त्यानें पुन्हां विचारला नाहीं.