चिमूटभर सुकट

परवा शहरात एका नातेवाइकाकडं काचेच्या पेटीत चांदण्यांच्या पाठीचं कासव पाहिलं. पोरं कौतुकानं त्याला कोळंबी चारत होती. मी म्हटलं, बाबांनो, हे जमिनीवरचं कासव, गवत-पाला खाणारं. कोळंबी त्याचं अन्न नव्हे. शिवाय ते पाळायला कायद्यानं बंदी आहे, वनखात्याच्या ताब्यात द्या. सांगताना मला आमची आजी आठवली.

आमच्या माणदेशात समुद्र कुणी पाहिला नव्हता, पण आटपाडीच्या बाजारात कोकणातली सुकट यायची. आजी ती आणायची, त्यातली एक चिमूट विहिरीतल्या कासवाची. त्या काळी विहिरीत कासव सोडायची रीतच होती. हे पाण्यातलं, मऊ पाठीचं. किडे, बेडूक, गोगलगाई, मेलेलं काहीबाही खायचं, पाणी साफ राहायचं. आजी त्याला राखणदार म्हणायची. मी सुकट तशीच टाकायला निघालो की हात धरायची. “खारट हाय ती, दोन पाण्यानं धू. अन् चिमूटच टाक. त्याचं जेवण खाली हाय, ह्यो सणाचा घास.” जास्त टाकली तर कुजून पाणी नासायचं.

मग 1972 चा दुष्काळ आला. मी अकरा वर्षांचा. वडील खडी फोडायला जायचे. 1973 च्या मे महिन्यात राज्यात अशा कामांवर जवळपास 50 लाख माणसं होती. कामावर सुकडी मिळायची, घरात मिलोची लाल भाकरी. विहिरीच्या तळाला डबकं उरलं. बऱ्याच महिन्यांनी आजीनं चार आण्याची सुकट आणली आणि पहिली चिमूट त्या डबक्यात टाकली. आई कडाडली, “आत्याबाई, लेकरांच्या तोंडात घास नाय, अन् तुम्ही कासवाला घालताय व्हय?” आजी काही बोलली नाही. तिच्या वाट्याची सुकट तिनं माझ्या ताटात टाकली.

आठ दिवसांत डबकं आटलं, कासव दिसेना. कुणीतरी नेऊन खाल्लं असं सगळे म्हणाले. आजीनं दोन दिवस विहिरीकडं पाहिलं नाही.

पावसाच्या तोंडावर वडील गाळ काढायला उतरले. हातभर खाली फावडं कशाला तरी अडलं. कासव होतं. ओल धरून गाळात पडून राहिलेलं, जितं. ही कासवं अशीच दिवस काढतात, हे मला पुढं कळलं. 1972 सालीच वन्यजीव संरक्षण कायदा झाला, हेही पुढंच कळलं.

वडिलांनी ते ओल्या बारदानात ठेवलं. मृगानंतर विहिरीला पुरुषभर पाणी आलं, तेव्हा सोडलं. त्या आठवड्याच्या बाजाराची सुकट आईनं स्वतः निवडली, दोन पाण्यानं धुतली आणि आजीच्या हातावर चिमूट ठेवली.

“तुमीच टाका,” म्हणाली.