लूसीवरील शस्त्रक्रिया आणि स्त्रीरोगशास्त्राचा इतिहास : एक पुनर्वाचन

वैद्यकशास्त्राचा इतिहास बहुधा शोधकर्त्यांच्या बाजूने लिहिला गेला आहे. डॉ. जे. मॅरियन सिम्स (१८१३–१८८३) यांचा 'आधुनिक स्त्रीरोगशास्त्राचे जनक' असा गौरव याच परंपरेतील होय. प्रस्तुत लेखात त्यांच्या एका शस्त्रक्रियेचा विचार रुग्णाच्या बाजूने केला आहे.

दीर्घकाळ अडलेल्या बाळंतपणात बाळाच्या डोक्याचा दाब पडून मूत्राशय व योनिमार्ग यांच्यामध्ये छिद्र पडते. यास फिस्टुला म्हणतात. मूत्र रात्रंदिवस पाझरत राहते, कातडी सोलवटते आणि दुर्गंधीमुळे ती स्त्री माणसांतून उठते. अमेरिकेतील अलाबामा राज्यात, माँटगोमेरी येथे, सिम्स यांनी अशा गुलाम स्त्रिया त्यांच्या मालकांच्या संमतीने उपचारार्थ ठेवून घेतल्या. लूसी, बेट्सी व अनार्का ही त्यांतील तीन नावे त्यांच्या लिखाणात आढळतात.

लूसी तेव्हा सुमारे अठरा वर्षांची होती. डिसेंबर १८४५ मध्ये सुमारे डझनभर डॉक्टरांसमोर तिला गुडघ्यांवर ओणवी करून तासभर शस्त्रक्रिया करण्यात आली. भूल देण्याची पद्धत तेव्हा उपलब्ध नव्हती. खरा अनर्थ त्यानंतर घडला. मूत्र वाहून जावे म्हणून सिम्स यांनी मूत्राशयात स्पंजाचा तुकडा ठेवला होता. त्यावर क्षारांचे थर चढून तो कठीण झाला, दाह वाढला, ताप चढला आणि पाचव्या दिवशी लूसी मरणाच्या दारात होती. स्पंज ओढून काढावा लागला. या परिणामांतून सावरण्यास तिला दोन-तीन महिने लागल्याचे सिम्स यांनीच मृत्यूनंतर, १८८४ मध्ये, प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात नमूद केले आहे.

टाके काढल्यावर मोठ्या छिद्राच्या जागी दोन बारीक छिद्रे उरली : एक विणकामाच्या सुईएवढे, दुसरे हंसाच्या पिसाच्या देठाएवढे. सिम्स यांना यात यशाची चाहूल लागली, आणि शल्यविशारदाच्या दृष्टीने ते चूकही नव्हते. परंतु सुईएवढ्या छिद्रातूनही मूत्र पाझरतेच. लूसीचे वस्त्र ओलेच राहिले. बेट्सीच्या वेळी स्पंजाऐवजी कॅथेटर वापरला गेला, म्हणजे ही सुधारणा लूसीच्या यातनांतून आली.

१८४६ मध्ये बोस्टन येथे ईथरचा जाहीर प्रयोग झाला, तरीही या स्त्रियांवरील शस्त्रक्रिया भुलीशिवायच चालू राहिल्या. मदतनीस डॉक्टर हळूहळू येईनासे झाले. मग या स्त्रियांनीच परस्परांना धरून ठेवण्याचे, शस्त्रक्रियेत साहाय्य करण्याचे काम केले. त्यांना परिचारिका म्हणून कोणत्याही पाठ्यपुस्तकाने ओळखावे, अशी अपेक्षा अर्थातच कोणी केली नाही! अनार्कावर तर सुमारे तीस वेळा शस्त्रक्रिया झाली. १८४९ मध्ये चांदीच्या तारेचे टाके घातल्यावर तिचे छिद्र बुजले.

न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधील सिम्स यांचा पुतळा एप्रिल २०१८ मध्ये हलविण्यात आला. माँटगोमेरीत २०२१ मध्ये मिशेल ब्राउडर यांनी अनार्का, बेट्सी व लूसी यांची धातूची भव्य शिल्पे उभारली.