हंसें कोणाचें?

आंधळा, बहिरा, लंगडा हीं पात्रें विनोदकारांनीं हुकमी हंशासाठीं पुष्कळ वापरलीं. व्यंग पुढें करावें आणि टाळी घ्यावी, हा सोपा मार्ग. चार्ली चॅप्लिननें १९३१ सालच्या ‘सिटी लाइट्स’ या चित्रपटांत तो सोडून दिला. बोलपट येऊन तीन वर्षें उलटलीं होतीं, तरी हा चित्रपट त्यानें मूकच ठेविला.

त्याची नायिका फुलें विकणारी अंध मुलगी. मोटारीचें दार लागल्याच्या आवाजावरून समोरचा भणंग तिला श्रीमंत वाटतो. एवढाच गैरसमज पटावा म्हणून चॅप्लिननें तो प्रसंग तीनशेंहून अधिक वेळां चित्रित केला. पुढें ती नकळत त्याच्या तोंडावर पाणी फेकते. लोकर समजून त्याच्याच अंगांतल्या कपड्याचा धागा गुंडाळते. प्रेक्षक हंसतात, पण हंसें होतें तें डोळस भणंगाचें. दारूच्या धुंदींत त्याला मिठी मारणारा लक्षाधीशही शुद्धीवर येतांच त्याला ओळखीत नाहीं.

शेवटीं शस्त्रक्रियेनें दृष्टि लाभलेली तीच मुलगी त्याच्या फाटक्या वेषाला हंसते. नाणें देतांना मात्र त्याचा हात हातीं येतो, आणि डोळ्यांना न कळलेला माणूस बोटें ओळखतात.

अंधत्व म्हणजे बरें करावयाचें दुःखच, ही जुनी समजूत चॅप्लिननें मोडली नाहीं, हें खरें. परंतु डोळसाला सारें दिसतें, या त्याहून जुन्या समजुतीला त्यानें हंसत हंसत धक्का दिला.