भयपट अभिजात केव्हा ठरतो?

दचकवणे हे भयपटाचे तात्पुरते भांडवल; कथा ठाऊक असूनही भय टिकले, तरच तो अभिजात. राही अनिल बर्वे दिग्दर्शित ‘तुंबाड’ (२०१८) हे त्याचे ठळक उदाहरण. नारायण धारप यांच्या कथेपासून प्रेरणा घेतलेल्या या हिंदी चित्रपटात कोकणातील पाऊस, जुना वाडा व हस्तरचा खजिना आहे. खरे भय मात्र विनायकच्या हव्यासाचे. कणकेची बाहुली टाकून सुवर्णमुद्रा लुटण्यातील धोका प्रेक्षकाला आधीच ठाऊक असतो. म्हणूनच बापापाठोपाठ मुलगाही विहिरीत उतरतो, तेव्हा थरकाप उडतो. प्रथम अल्प प्रतिसाद मिळालेल्या ‘तुंबाड’ने सप्टेंबर २०२४ मधील पुनर्प्रदर्शनात पूर्वीपेक्षा अधिक कमाई केली. वस्तुतः तोवर तो घरबसल्या पाहता येत होता. तरीही प्रेक्षक चित्रपटगृहात आले.