बिऱ्हाड हललं, पोस्टचं काय?

आंबेगाव तालुक्याची कचेरी घोडेगावला आहे. ज्या गावाचं नाव तालुक्याला मिळालं, ते आंबेगाव डिंभे धरणाच्या पाण्यात गेलं. माणसं दुसरीकडे वसली. ऑनलाइन स्थलांतराचा इतिहास वाचताना मला हेच गाव आठवतं.

नोव्हेंबर २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयातले वकील संजय हेगडे यांचं ट्विटर खातं बंद झाल्यावर निषेध म्हणून बरेच भारतीय मॅस्टोडॉनवर गेले. तिथे एक मालक नाही. वेगवेगळ्या लोकांनी चालवलेले सर्व्हर एकमेकांशी जोडलेले असतात. सर्व्हर पटला नाही तर फॉलोअरसकट बिऱ्हाड हलवता येतं. ही सोय नेमकी महिनाभर आधी, ३.० आवृत्तीत आली होती. पण ती मॅस्टोडॉनच्या आतल्या आत! ट्विटरवरून आलेल्यांना गोतावळा शून्यातून जमवावा लागला. पुष्कळ जण परतले ते माझ्या मते त्यामुळेच.

शिवाय खातं हललं तरी जुन्या पोस्ट जुन्याच सर्व्हरवर राहतात. तो बंद पडला, की त्याही बुडाल्या. म्हणून या विषयावर काम करणार असाल तर लोक कुठे गेले हे नंतर शोधा. आधी, ते जिथून उठले त्या सर्व्हरच्या चालकाला गाठा आणि परवानगी घेऊन जुन्या सार्वजनिक पोस्ट उतरवून ठेवा.